दागनोचा आंबटपणा

आंबट वाईन तीन तऱ्हांची असते. वाईन पिणाऱ्यांमधले बरेचसे वाद या तिन्हींची सरमिसळ केल्यामुळे होतात, असं माझं मत आहे.

पहिली कच्च्या द्राक्षांची. द्राक्ष पुरतं पिकायच्या आत तोडलेलं, वास हिरवट, आणि दुसऱ्या घोटाला दात आंबलेले. दुसरी बिघडलेली. तिच्यात अ‍ॅसेटिक आम्ल वाढलेलं असतं, म्हणजे सरळ भाषेत व्हिनेगर, आणि ती जिभेच्या आधी नाकालाच कळते. तिसरी पिकलेल्या द्राक्षांची. दाणा पूर्ण भरलाय, चव आलीय आणि तरी आम्ल टिकून आहे. ही करणं कष्टाचं काम आहे, म्हणून ती कमी दिसते. ही पोस्ट त्या तिसरीबद्दल, आणि तिच्यासाठी आयुष्यभर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वाद घालत बसलेल्या दिदिए दागनो नावाच्या एका दाढीवाल्या फ्रेंच माणसाबद्दल.

माझं पोट टायट्रेशनवर, म्हणजे आम्ल मोजण्याच्या कामावर, चालतं. दिवसभर ब्युरेटमधून थेंब थेंब कॉस्टिक सोडायचं आणि फ्लास्क गुलाबी झाला की आकडा लिहायचा. त्यामुळे कुणी ग्लास उंचावून "वा, काय अ‍ॅसिडिटी आहे!" म्हणालं की माझ्या तोंडून आपसूक निघतं, "कुठली?" यावरून माझी टिंगल होते. होऊ दे. वाईनमध्ये द्राक्षातून आलेली मुख्य आम्लं दोन, टार्टरिक आणि मॅलिक. दाणा पिकत जातो तसा तो मॅलिक श्वसनात जाळत जातो. हवा जितकी उबदार तितकं हे काम झपाट्यानं. टार्टरिक मात्र बऱ्यापैकी जागच्या जागी राहतं. म्हणून कच्च्या दाण्यात मॅलिक मुबलक आणि चवीचा पत्ता नाही. त्याची वाईन जीभ खरवडते आणि लगेच निघून जाते. पिकलेल्या दाण्यात मॅलिक उतरलेलं असतं, टार्टरिकचा वाटा वाढलेला असतो, आणि त्या आम्लाला धरून बसायला काहीतरी असतं. गंमत अशी की एकूण आम्लाचा आकडा कधीकधी दोन्हीकडे सारखाच येतो. ब्युरेटला फरक कळत नाही. तोंडाला कळतो.

सोव्हिन्यो ब्लाँ या द्राक्षाच्या बाबतीत तर हा फरक नाकालाही कळतो. या जातीत मेथॉक्सिपायराझिन म्हणून रेणू असतात. हिरव्या ढोबळ्या मिरचीला जो वास येतो तो यांचाच. लिटरभर वाईनमध्ये काही नॅनोग्रॅम असले तरी माणसाचं नाक ते पकडतं. दाणा पिकत गेला, घडांवर ऊन आलं, की ते कमी होतात. घाईनं तोडलेल्या आणि पानांच्या गर्दीत वाढलेल्या सोव्हिन्योला म्हणून तो मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास मारतो. जगभर बऱ्याच लोकांना वाटतं की सोव्हिन्यो म्हणजे हाच वास. दागनोचं म्हणणं होतं की हा द्राक्षाचा स्वभाव नव्हे, शेतकऱ्याचा आळस आहे. शब्द माझे आहेत, पण आशय त्याचाच, आणि तो हे भर सभेत सांगायचा.

आता जागा. फ्रान्सच्या मध्यावर लुआर नदी उत्तरेकडे वाहते, तिथे उजव्या तीरावर पुयी गाव आणि पलीकडच्या तीरावर थोडं वर टेकडीवर सांसेर. दोन्हीकडे सोव्हिन्यो. उजव्या तीरावरच्या सोव्हिन्योच्या वाईनला पुयी-फ्यूमे म्हणतात आणि हे नाव 1937 पासून कायद्यानं राखीव आहे. (त्याच जमिनीत शास्ला नावाचं दुसरं द्राक्षही होतं आणि त्याच्या वाईनला पुयी-स्युर-लुआर हे वेगळं नाव आहे. हौसेनं बाटली आणायला जाल तर लेबल नीट वाचा.) नाव मोठं, पॅरिसच्या रेस्टॉरंटांत मागणी पक्की. मग काय, वेलीवर जितके घड धरतील तितके धरू द्यायचे, यंत्र फिरवून एका दमात काढणी उरकायची, आणि पुढच्या वसंतात माल बाटलीत. विकला जाणारच आहे.

या मंडळींच्या मधोमध, सँ-आँदलँ गावात, दागनोनं 1982 साली स्वतःची पहिली वाईन काढली. त्या भागात दागनो आडनावाचे वाईनवाले आधीपासून होते, पण हा घरच्या धंद्यात न शिरता वेगळा निघाला. त्याआधी तो साइडकारवाल्या मोटरसायकलींच्या शर्यती खेळायचा. वाईनचं कॉलेजचं शिक्षण नाही. केस खांद्यापर्यंत, दाढी छातीकडे निघालेली, आणि हिवाळ्यात कुत्र्यांच्या स्लेजच्या शर्यती. वाईनवरच्या मासिकांना असा माणूस म्हणजे मेजवानीच. त्याच्यावरच्या लेखांत दाढी आधी आणि वाईन नंतर येते, आणि मीही वर तेच केलंय.

पण दाढी बाजूला ठेवली तर त्याचं सगळं वेगळेपण शेतातल्या कामात होतं, आणि ते ऐकायला फार रंजक नाही. छाटणी कडक. जादा कोंब हातानं खुडायचे, म्हणजे वेलीवर घड कमी. जमीन ट्रॅक्टरनं दाबली जाऊ नये म्हणून घोड्यानं नांगरट. काढणी हातानं, आणि तीही एकाच फेरीत नाही. ज्या घडांची वेळ आली तेवढे आज, बाकीचे नंतर. बायोडायनॅमिक शेतीही (रसायनं टाळून, चंद्राच्या कला बघून करतात ती) त्यानं करून पाहिली आणि पुढे तिचा आग्रह सोडला. तळघर मात्र लखलखीत स्वच्छ. हे मुद्दाम सांगते, कारण आजकाल "अपारंपरिक वाईनमेकर" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गढूळ, नारिंगी, सायडरसारखा वास येणारी बाटली उभी राहते. मला त्या वाईनींचं वावडं नाही, काही फार छान असतात. पण पुष्कळदा मला तिथे "जिवंत आंबटपणा" म्हणून जे पाजलं जातं ते वर सांगितलेल्या दुसऱ्या तऱ्हेतलं असतं. युरोपात पांढऱ्या वाईनमधल्या व्होलाटाइल, म्हणजे उडून नाकात जाणाऱ्या, अ‍ॅसिडला कायद्यानं मर्यादा आहे, अ‍ॅसेटिक आम्लाच्या हिशेबात लिटरला 1.08 ग्रॅम. त्या मर्यादेच्या बऱ्याच आतही नाकाला नेलपॉलिश रिमूव्हरची चाहूल लागते. तो जिवंतपणा मला नको.

तर, चव.

एका मित्राकडे बसलो होतो. दागनोच्या बाटल्या त्यानं बरीच वर्षं जपून ठेवल्या होत्या, आणि सोबत तुलनेला त्याच भागातली एक साधी, यंत्रानं काढणी केलेली पुयी-फ्यूमे. सगळ्या बाटल्या कापडात गुंडाळलेल्या. मी माझ्या मामांना घेऊन गेले होते. मामा व्हिस्कीवाले. वाईन म्हणजे बायकामुलांनी लग्नात प्यायची गोष्ट, असं त्यांचं ठाम मत, आणि ते बदलावं असा माझा काही हट्ट नव्हता. मला एक असा माणूस हवा होता जो लेबल बघून भारावत नाही.

पहिला ग्लास. रंग जवळजवळ पाण्याचा. नाकाला गवत, मिरची, थोडासा पॅशनफ्रूट. तोंडात एकदम चरचर, आणि चार क्षणांत सगळं साफ. मामांनी तोंड वाकडं केलं.

"दात आंबले गं. हे तुम्ही पैसे देऊन पिता?"

"मामा, अजून बाकीच्या आहेत."

"सगळ्या अशाच?"

ती अर्थातच साधी होती. तिच्यात दोष असा काही नव्हता, उन्हाळ्यात गार करून कुणीही आनंदानं पिईल. पण ती संपल्यावर तोंडात काय उरलं म्हणाल तर फक्त हिरड्यांवरची झिणझिण.

दुसरी दागनोची सर्वांत साधी, ब्लाँ फ्यूमे द पुयी, 2014 ची. लुआरला त्या वर्षी ऑगस्ट थंड गेला आणि सप्टेंबरात कोरडं ऊन पडलं, त्यामुळे द्राक्षं पिकलीही आणि आम्लही राहिलं. बाटली फ्रिजमधून नुकतीच काढलेली, म्हणून आधी काहीच कळेना. थंडीत वास दबतो आणि आंबटपणा टोचतो. माझा अनुभव असा की अशा वाईनी दहा-बारा अंशांवर बोलू लागतात, फ्रिजच्या चार-पाच अंशांवर नुसत्या ताठ बसून राहतात. ग्लास तळहातात धरून ठेवला. थोड्या वेळानं विझवलेल्या काडीसारखा वास आला, मग चकोतऱ्याच्या सालीचा, तोही आतल्या पांढऱ्या कडवट भागासकट. मिरची शोधून सापडली नाही. घोट घेतला तर आंबटपणा पहिल्या वाईनपेक्षा कमी नव्हता. उलट जास्तच होता, असं मी वहीत लिहिलंय. पण तो सुरुवातीलाच आदळला नाही. जिभेच्या कडांवरून मागे गेला आणि गिळल्यावर वाढला.

इथे मी नेहमी एक करते. घोट गिळला की ओठ मिटून मान खाली घालायची आणि गप्प बसायचं. आम्ल खरंच किती आहे हे लाळ सांगते. तोंडाच्या तळाशी, खालच्या दातांच्या मागे, ती जमायला लागते, आणि किती भरभर जमते नि किती वेळ येत राहते याकडे लक्ष द्यायचं. तुरटपणात उलटं होतं, तोंड कोरडं पडतं, जीभ टाळूला चिकटते. लोक या दोन्ही गोष्टींना सरसकट "ड्राय" म्हणून मोकळे होतात. ड्रायचा अर्थ फक्त साखर नाही इतकाच. युरोपच्या नियमात लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर असेल तर ती वाईन ड्राय. आणि आम्ल भरपूर असेल, म्हणजे साखरेचा आकडा आम्लाच्या आकड्यापेक्षा 2 ग्रॅमहून जास्त पुढे गेलेला नसेल, तर 9 ग्रॅमपर्यंतही ड्रायच लिहिता येतं. म्हणजे कायद्यालाही कळतं की आम्ल साखरेला झाकतं. दागनोच्या पुयीकडच्या वाईनी मला तरी खडखडीत कोरड्या लागल्या, गोडाचा भास कुठे झालाच तर तो पिकलेल्या फळाचा.

मी मान खाली घालून बसले होते तेव्हा मामांना वाटलं मला बरं वाटत नाहीये.

तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीबद्दल थोडक्यात. प्युर साँ ही जास्त भरदार. लेबलवर गुहाचित्रातल्यासारखा घोडा आहे. तिच्यात मला मधाचा वास आला, साखर नसताना, आणि शेवटी खारटपणा. ब्विसाँ रनारची गोष्ट मजेची आहे. त्या शेताचं खरं नाव ब्विसाँ मनार. एका समीक्षकानं लिहिताना चुकून रनार लिहिलं, फ्रेंचमध्ये रनार म्हणजे कोल्हा, आणि दागनोनं खुन्नस म्हणा की विनोद म्हणा, लेबलवर तेच छापायला सुरुवात केली. वाईन मला त्या दिवशी जरा जड वाटली. लाकडाचा वास अजून वर होता. मित्राचं मत वेगळं पडलं आणि त्यानं उरलेली बाटली स्वतःच्या बाजूला ओढून घेतली.

मग सिलेक्स, तीही 2014.

मला वाटलं होतं ती सगळ्यांत मोठी, घमघमणारी असेल. निघाली सगळ्यांत अरुंद. नाकाला धूर आणि लिंबाच्या पानाचा वास, बस. तोंडात घेतल्यावर ती जिभेवर पसरत नाही, सरळ रेषेत मागे जाते. आणि त्या रेषेला वजन असतं. चावावंसं वाटेल असं काहीतरी. आम्ल इतकं की खालच्या दातांमागे लगेच पाणी, पण दात आंबत नाहीत. वाईनमध्ये आम्लाचं काम गवंड्याच्या ओळंब्यासारखं असतं असं मला वाटतं. भिंत किती जाड आहे याच्याशी ओळंब्याला कर्तव्य नसतं, ती सरळ उभी आहे की नाही तेवढं तो बघतो. पहिल्या ग्लासात ओळंबा होता, भिंत नव्हती. मामा बराच वेळ ग्लासकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही पण आंबटच आहे. पण ही थांबते." मग त्यांनी व्हिस्की मागितली.

"ही थांबते" याहून चांगली नोंद माझ्या वहीत नाही.

आता त्या धुराच्या वासाबद्दल. सिलेक्स म्हणजे चकमकीचा दगड. सँ-आँदलँच्या टेकडीवरच्या चिकणमातीत तो ठासून भरलेला आहे, आणि लेबलवरही दगडाचंच चित्र आहे. त्यामुळे ग्लास नाकाला लावला की सगळे म्हणतात, बघा, जमिनीतला दगड बोलतोय. मी त्या टेकडीवर गेलेय. गावचं चर्च उंचावर आहे, लांबून दिसतं, आणि चर्चच्या खालच्या उतारावर वेलींच्या ओळींमध्ये पाय ठेवायला माती कमी आणि दगड जास्त. एक उचलला. मुठीएवढा, वरून खडूसारखी पांढरी साल, फुटलेल्या बाजूला आत तपकिरी-करडी काच. धार अशी की अंगठ्यावर नुसती टेकवली तरी कातडीत रुतते. हुंगला. काहीही वास नाही. चाटलाही, कुणी बघत नाहीसं पाहून, धुळीची चव. मग दुसरा उचलून एकमेकांवर जोरात घासले आणि तेव्हा आला, जळक्या केसांच्या आणि फटाक्याच्या मधला वास, क्षणभर. तो ग्लासातल्या वासाशी जुळतो हे खरं.

पण वेल दगड पीत नाही. चकमक म्हणजे सिलिका, ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि विरघळली तरी तिला वास नाही. सोव्हिन्योमधल्या धुराच्या वासाला जबाबदार धरला जातो तो बेंझिनमिथेनथायॉल नावाचा गंधकाचा रेणू आहे, आणि तो गारगोटीतून आलेला नाही. माझी समजूत अशी की दगडानं काम केलं ते वेगळं: पाणी खाली जाऊ दिलं, दिवसाची ऊब धरली, वेलीला फार माजू दिलं नाही. हे वाईनवाल्यांच्या मैफलीत बोलले की चेहरे पडतात. मामांना मात्र पटलं.

लाकडाचंही सांगायला हवं, कारण माझ्या मते दागनोची खरी कमाल तिथे आहे. कडक आंबट वाईनला नव्या ओकच्या पिंपात ठेवणं हा जुगार आहे. पिंप तापवून भाजलेलं असतं, त्याचा व्हॅनिला आणि धूर वाईनवर स्वार होतो आणि खाली आंबटपणा एकटा पडतो, जणू दोन वेगळी पेयं एका ग्लासात. दागनोनं कमी भाजलेली पिंपं वापरली, आणि काही तर खास बनवून घेतलेली लांबुळकी, सिगारच्या आकाराची. लांब, निमुळत्या पिंपात तळाशी बसणाऱ्या यीस्टचा गाळ वाईनच्या जास्त मोठ्या भागाला लागून राहतो. त्या मेलेल्या यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, त्यातून प्रथिनं आणि पॉलिसॅकराइड सुटतात, आणि वाईनला अंग येतं. आम्ल कमी होत नाही, आकडा तोच राहतो. फक्त त्याच्या अंगावर कातडी चढते. आम्ल कमी करायचा सोपा रस्ता वेगळा आहे: मॅलोलॅक्टिक, म्हणजे जिवाणूंकरवी टोकदार मॅलिकचं मऊ लॅक्टिक करून घ्यायचं. बर्गंडीत हे सर्रास होतं, लोण्याचा वास येतो तो त्यातूनच. सोव्हिन्योत तसं केलं की फळाची धार जाते.

तुमच्यापैकी कुणी तांत्रिक माहितीपत्रकं वाचत असेल तर एक अडचण सांगून ठेवते. फ्रेंच लोक एकूण आम्ल बहुधा सल्फ्युरिक आम्लाच्या हिशेबात लिहितात, बाकीचं जग टार्टरिकच्या. वाईनमध्ये सल्फ्युरिक आम्ल घालतात असा त्याचा अर्थ नाही, ती फक्त मोजायची जुनी रीत आहे. फ्रेंच आकड्याला 1.53 नं गुणायचं. म्हणजे 4.5 वाचून "हात्तिच्या, सपक दिसतेय" असं म्हणू नका. ते जवळजवळ 6.9 आहे. आणि एकूण आम्लाबरोबर पीएचही बघा. अशा वाईनींचा तो 3.0 ते 3.2 च्या आसपास असतो. म्हणूनच रात्रभर त्या पिऊन लगेच दात घासायला पळू नये. आम्लानं इनॅमल काही काळ मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश फिरवला तर झीज होते. आधी पाण्यानं चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या. माझ्या दंतवैद्यांनी हे मला जरा मोठ्या आवाजात सांगितलंय.

त्या दिवशी शेवटची बाटली 2018 ची सिलेक्स होती, उन्हाच्या वर्षाची. दागनो 2008 च्या सप्टेंबरात छोट्या विमानाच्या अपघातात गेला, वय 52. तेव्हापासून मुलगा लुई-बेंजामँ आणि मुलगी शार्लोत सांभाळतात, त्यामुळे ही वाईन मुलांची, आणि वरच्या 2014 च्याही. लेबलवर पुयी-फ्यूमे हे नावच नाही. घरानं ते सोडून दिलंय आणि आता नुसतं "वँ द फ्रान्स" लिहितात, म्हणजे कायद्याच्या उतरंडीत अगदी खालची पायरी, जिच्यावर गावाचं नावही टाकता येत नाही. बाप पुयीच्या नावाशी आत राहून भांडला, मुलं बाहेर पडली. मला विचाराल तर बापाची जिद्द मोठी, पण मुलांचं वागणं जास्त सरळ.

वाईन गोल आहे. पिवळं फळ, पीचकडे झुकणारं, धूर कमी. मित्राला ती 2014 पेक्षा आवडली. मला वाटलं आम्ल आहे पण ते शेवटी येतं, आणि मधल्या भागात घोट थोडा सैल पडतो. लाळेची परीक्षा घेतली. 2014 इतकी नाही, पण त्या पहिल्या ग्लासाहून बराच वेळ. आणि हे उन्हाचं वर्ष. अख्खा युरोप भाजून निघाला त्या 2003 साली आम्ल इतकं कोसळलं की एरवी ज्या उत्तरेकडच्या भागांत बाहेरून आम्ल मिसळायला बंदी असते तिथेही खास परवानगी द्यावी लागली होती. अशी वर्षं आता वरचेवर येताहेत. पूर्वी लुआरमध्ये द्राक्ष पिकेल की नाही याची काळजी असायची, आता आम्ल राहील की नाही याची. दागनोचं भांडण लवकर तोडणाऱ्यांशी होतं. आज त्याच उतारावर उशीर करून चालत नाही. काही वर्षांत चव येईपर्यंत थांबलं तर मॅलिक उडून गेलेलं असतं. ओळीओळीतून पुन्हा पुन्हा फिरून वेळ आलेले घड तेवढे तोडायची त्याची रीत आता उलट कारणासाठी कामाला येत असणार, असा माझा अंदाज.

एक बाटली मला मिळालेली नाही आणि मिळेल असं वाटत नाही. आस्तेरोइद नावाची, कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या वेलींच्या काही ओळींची. फायलोक्सेरा नावाच्या किडीनं एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या मुळांचा फडशा पाडल्यापासून तिथे जवळपास सगळ्या वेली अमेरिकन खुंटावर बांधलेल्या असतात. बिनकलमाची लागवड म्हणजे कीड येईपर्यंतची उधारी. ती वाईन इतकी थोडी निघायची की तिच्याबद्दल वाचणारे पिणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत.

दुसरी मात्र मिळालीय. दागनो शेवटच्या वर्षांत पिरेनीजच्या पायथ्याला ज्युरांसाँला गेला होता आणि तिथे पती मांसाँ नावाच्या जाड सालीच्या, भयंकर आंबट द्राक्षाची गोड वाईन करायला लागला होता, ले जार्दाँ द बाबिलोन. आयुष्यभर कोरडी वाईन करणारा माणूस गोड का करायला जातो ते त्या द्राक्षाचे आकडे बघितले की समजतं; साखर कितीही चढली तरी आम्ल हटत नाही. मित्र पुढच्या वेळी ती उघडणार आहे. मामाही येतो म्हणालेत, "त्या थांबणाऱ्या बाईचं आणखी काही असेल तर". वाईन करणारा पुरुष होता आणि ही गोड आहे, यातलं काहीच मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.